पहाटे साडेतीनची जाग

नोकरी संपली की माणूस आता मनसोक्त झोपणार, असं सगळे धरून चालतात. बहुतेकांच्या वाट्याला येतं ते उलटंच. गजर कायमचा बंद झालेला असतो आणि पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडे. घर निजलेलं, बाहेर काळोख, वर्तमानपत्र यायला अजून बराच अवकाश. कूस बदलून बघायची, पांघरूण डोक्यावर ओढायचं, मग झोप येत नाही म्हणून स्वतःवरच चिडायचं. त्या चिडण्यानं उरलीसुरली पेंगही उडून जाते.

अशी जाग येण्यामागे दरवेळी काळजी असतेच असं नाही, पुष्कळदा नुसतं वय असतं. शरीराच्या आतलं घड्याळ उतारवयात पुढे सरकतं. संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते. गाढ झोपेचा वाटाही आटतो, त्यामुळे पूर्वी ज्या आवाजानं कूससुद्धा बदलली नसती त्या आवाजानं आता डोळे उघडतात. आणि एक साधा हिशेब राहून जातो. पासष्टीनंतर ७ ते ८ तास झोप पुरेशी मानतात. टीव्हीसमोर साडेआठला डोळा लागला असेल तर साडेतीनला ७ तास भरलेले असतात. झोप मोडलेली नसते, पूर्ण झालेली असते.

घड्याळ मागे ओढायचा मार्ग उजेडातून जातो. पहाटे लवकर डोळ्यांत उजेड गेला की घड्याळ आणखी पुढे पळतं, संध्याकाळी गेला की मागे येतं. म्हणून फार लवकर जाग येणाऱ्यानं उजाडल्या उजाडल्या फिरायला जाण्यापेक्षा मावळतीच्या आधीचा तास निवडावा. पहाटेच्या फेरीचं इतकं कौतुक झालेलं आहे की हे पटायला जड जातं, पण करून बघण्यासारखं आहे. रात्री अंथरुणावर दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं आणखी उशिरा जावं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान आरामखुर्चीतली डुलकी टाळावी. ती दहाच मिनिटांची असली तरी दिवसभर साठलेली झोपेची ओढ खर्च करून टाकते.

दुपारची झोप मात्र घ्यावी, आणि मोजून घ्यावी. निवृत्तीतलं हे अस्सल सुख आहे. कुणाला उत्तर द्यायचं नाही, दार लोटून घ्यायचं, पंख्याचा एकसुरी आवाज ऐकत डोळे मिटायचे. तीनच्या आत, आणि २५ मिनिटांचा गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की गाढ झोप लागायला लागते, आणि तिच्यातून उठल्यावर डोकं जड होतं, तोंड कोरडं पडतं, तासभर कशात लक्ष लागत नाही. ‘दुपारी झोपलं की मला बरं वाटत नाही’ असं म्हणणारे बहुधा दीड तास झोपलेले असतात.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणं, हाही झोपमोडीचा मोठा भाग. त्याची कारणं अनेक आहेत आणि ती तपासून घ्यावीत, पण एक कारण फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. दिवसभर बसून-उभं राहून पायांत पाणी साठतं. मोज्यांचा वळ घोट्यावर उमटतो, तो त्याचाच. रात्री आडवं झालं की ते पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. यावर उपाय म्हणजे दुपारी चार-पाचच्या सुमारास तासभर पाय छातीच्या पातळीला उशीवर ठेवून पडणं. पाणी निघायचं ते झोपायच्या आधी निघून जातं. हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच हे करावं.

आणि इतकं करूनही जाग आलीच तर? वीसेक मिनिटं वाट बघावी, मग उठावं, मंद दिवा लावावा, गरम काहीतरी घोटभर प्यावं, कागदावरचं पुस्तक उघडावं. त्या वेळी फोन वाजत नाही, कुणी हाक मारत नाही, कुकरची शिट्टी नाही. या तासाशी भांडणं सोडलेली माणसं नंतर त्याची वाट बघायला लागतात.

निवृत्तीतली चिडचिड क्वचितच मोठ्या दुःखांची असते. ती झाकणांची असते, बारीक अक्षरांची असते, शेजारच्या खोलीतून आलेल्या अर्ध्या ऐकू आलेल्या वाक्याची असते. नोकरीत असताना अशा गोष्टी धावपळीत निभावून जायच्या. आता त्या दिवसाच्या मधोमध येऊन उभ्या राहतात आणि ‘आपलं वय झालं’ या एकाच सबबीखाली जमा होतात. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीला एक नेमकं कारण असतं आणि बऱ्याच जणींना इलाजही असतो. तो शोधत बसायला हवा तेवढा वेळ माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आता मिळालेला असतो, हेच मला या वयातलं सगळ्यांत मोठं वैभव वाटतं.

डोळ्यांचंच बघा. चष्मा नवा आहे, नंबर बरोबर आहे, तरी संगणकासमोर अर्धा तास बसलं की मान अवघडते. दोष नंबरचा नसतो, अंतराचा असतो. वाचायची काच साधारण ४० सेंटिमीटरसाठी असते. डोळ्याच्या भिंगाची लवचिकता संपल्यावर या अंतराला दूरच्या नंबरवर साधारण २.५ची भर लागते. संगणकाचा पडदा ६५ सेंटिमीटरवर असतो आणि तिथे दीडची भर पुरते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या चष्म्यात, हे मधलं अंतर काचेच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत असतं. ती पट्टी पडद्यावर आणायला हनुवटी वर करावी लागते, आणि मान त्याचा जाब विचारते. दिवसाचे दोन तास पडद्यासमोर जात असतील तर त्या अंतराचा वेगळा साधा चष्मा करावा. दुकानात जायच्या आधी नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखं बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून घ्यावं आणि तो आकडा तिथे सांगावा. हे मोजमाप बहुतेक जण नेत नाहीत, आणि मग अंदाजानं केलेला चष्मा खणात पडून राहतो.

याच प्रोग्रेसिव्ह काचेमुळे जिना उतरताना पायरी पुसट दिसते. खाली नजर टाकली की ती काचेच्या वाचायच्या भागातून जाते, आणि तो भाग हातातल्या पुस्तकासाठी बनवलेला, दीड मीटरवरच्या पायरीसाठी नाही. नजर नव्हे, मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पायरी बघावी, आणि एक हात कठड्यावर. फिरायला जाताना नुसता लांबचा चष्मा घालणं त्याहून चांगलं.

उजेडाचीही गोष्ट अशीच आहे. विशीच्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत ढोबळमानानं एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळसर पडलेलं असतं. खोली तीच, दिवा तोच, पण अक्षर फिकट. छताला मोठा दिवा लावून फारसा फरक पडत नाही, उलट चकाकी वाढून त्रास होतो. दिवा जवळ आणावा. पानापासून एक मीटरवरचा दिवा अर्ध्या मीटरवर आणला की पानावरचा उजेड चौपट होतो, आणि त्यासाठी नवा दिवाही विकत घ्यावा लागत नाही. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. भिंगाचा पिवळेपणा निळा रंग गिळतो, म्हणून गडद निळा मोजा आणि काळा मोजा यांची जोडी जमते. खिडकीशी नेऊन बघितलं की वेगळेपण कळतं. मोतीबिंदू काढल्यावर कित्येकांना आभाळ पुन्हा निळं दिसतं आणि आपले पांढरे कपडे आपण इतके दिवस पिवळट बघत होतो हे उमगतं, ते याचमुळे.

कानांच्या बाबतीत भांडणं जास्त होतात, कारण तिथे दोन माणसं गुंतलेली असतात. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार अगदी शब्दशः खरी आहे. वयानुसार आधी कमी होतात ते वरच्या पट्टीचे आवाज. स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ, त, क ही व्यंजनं वरच्या पट्टीची आणि मुळातच हलकी. पाच, पास, पाठ हे तीन शब्द घ्या. ‘पा’ स्पष्ट पोचतो, शेवटचं व्यंजन हवेत विरतं, आणि उरलेलं मेंदू अंदाजानं भरतो. म्हणून ओरडून बोलण्याचा उपयोग होत नाही. ओरडल्यावर ‘पा’ आणखी मोठा होतो, पुढचं अक्षर तसंच राहतं, आणि समोरच्याला वाटतं की आपल्यावर कुणी खेकसतंय. नळ चालू असेल किंवा स्वयंपाकघरातला पंखा फिरत असेल तर तो आवाज नेमकी हीच हलकी व्यंजनं झाकून टाकतो.

दोघांनी मिळून तीन सवयी लावून घेतल्या तर घरातला निम्मा ताण कमी होतो. बोलायचं त्या खोलीत जाऊन, तोंड समोर ठेवून, कारण ओठ बघूनही पुष्कळ कळतं. आधी नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग वाक्य. आणि एकदा कळलं नाही तर तेच पुन्हा जोरात म्हणण्याऐवजी शब्द बदलायचे: ‘पाचला जाऊ’ पोचलं नाही तर ‘संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी’. टीव्हीचा आवाज वाढवत जाण्यापेक्षा वेगळा स्पीकर खुर्चीजवळ ठेवावा, कारण पातळ टीव्हींचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात. कान तपासायला गेल्यावर आधी मळ आहे का ते बघून घ्यावं, कधी एवढ्यानंच काम होतं. काड्या घालू नयेत, त्या मळ आत ढकलतात. यंत्र घ्यायची वेळ आली तर पहिल्या दोन दिवसांत निकाल लावू नये. वर्षानुवर्षं न ऐकलेले भांड्यांचे, कागदांचे, स्वतःच्या पावलांचे आवाज एकदम अंगावर येतात, आणि त्यांतलं काय सोडून द्यायचं हे मेंदूला पुन्हा शिकायला काही आठवडे लागतात. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, दिवसाचे दोन-तीन तास अशी करावी. यंत्र घेऊन खणात ठेवून देणारी माणसं बघितली की मला फार वाईट वाटतं. नातवाचं बोलणं त्या खणात बंद झालेलं असतं.

बोटांची कुरकुर नव्या काळातली आहे. फोनचा पडदा बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युतबदलावर चालतो, आणि कोरडी कातडी तो बदल नीट पोचवत नाही. स्पर्श लागत नाही म्हणून माणूस बोट दाबून धरतो. फोनच्या लेखी तो ‘दीर्घ दाब’, म्हणून भलतीच यादी उघडते. मग वाटतं, आपल्याला हे जमत नाही. जमतं. हातांना मलम चोळून ते पूर्ण जिरू द्यावं, आणि सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली दाबून धरण्याची मुदत वाढवून घ्यावी. बोटाचा ठसा वारंवार नाकारला जात असेल तर तेच बोट दोनदा नोंदवावं, एकदा सरळ आणि एकदा थोडं तिरपं. सहा आकडी कोड येतो तेव्हा तो तीन-तीनच्या दोन गटांत मोठ्यानं म्हणावा. ‘चारशे सतरा, दोनशे नऊ’ डोक्यात राहतं, सहा सुटे आकडे राहत नाहीत.

बरणीचं झाकण निघत नाही तेव्हा मनगटाची ताकद कमी झाली हे खरंच असतं, पण झाकण मुळात ताकदीनं धरलेलं नसतं, पोकळीनं धरलेलं असतं. आत हवेचा दाब कमी, बाहेर जास्त. चमच्याची कड झाकणाच्या ओठाखाली घालून हलकेच उचकटावं. टच् असा आवाज आला की हवा आत गेली, आता लहान मूलही ते फिरवेल. चमचा जात नसेल तर धातूचं झाकण अर्धा मिनिट गरम पाण्याखाली धरावं. धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. वर रबरी हातमोजा घातला की पकड बसते.

गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी उत्तमच, ती आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, उजेडात, फोन बाजूला ठेवून भरावी. ओल लागून बिघडणाऱ्या काही गोळ्या पाकिटातच ठेवायच्या असतात, आणि हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या मोडायच्या नसतात. मोडली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. डबीचं खरं काम आठवण करून देणं हे नाही. घेतली की नाही, या दुपारी छळणाऱ्या शंकेचं उत्तर देणं हे आहे. कप्पा रिकामा दिसला की विषय संपला.

आता वेळेबद्दल. पहिल्या काही महिन्यांत वार हरवतात. मंगळवार आणि शुक्रवार यांत काहीच फरक उरत नाही, दिवस लांब वाटतो आणि महिना मात्र भुर्रकन उडतो. मागे वळून बघताना काळाची लांबी मन आठवणींवरून मोजतं. एकसारखे वीस दिवस एका दिवसाएवढेच भरतात. आठवड्यात दोन-तीन खुंट्या ठोकून ठेवल्या की पुरतं: एका वाराला ग्रंथालय, एका वाराला एखाद्या मित्राकडे जाणं, एका वाराला आजवर न गेलेला रस्ता. सातही दिवस भरून टाकू नयेत. ती दुसरी नोकरीच होते. सकाळी अकराची एखादी भेट मात्र अख्खी सकाळ खाऊन टाकते. नऊपासून काही सुरू करवत नाही. डॉक्टर, दुरुस्तीवाला, कचेरी अशी कामं एकाच दिवशी ओळीनं लावावीत, बाकीचे दिवस अखंड राहतात.

‘तुम्हाला काय, वेळच वेळ’ हे वाक्य प्रेमानं येतं आणि पाठोपाठ कामं येतात. कुणाला आणायचं, कुणाचं बिल भरायचं, कुणाच्या घरी माणूस येणार म्हणून थांबायचं. ही कामं करण्यात आनंदही असतो, पण जागच्या जागी ‘हो’ म्हणू नये. ‘वही बघून संध्याकाळी सांगते’ एवढं पुरतं. वहीत खरंच काही लिहिलेलं असावं, दुपारचं वाचन असलं तरी.

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे दोघंही दिवसभर घरात असणं. तीस-पस्तीस वर्षं दिवसाचं घर ज्याच्या ताब्यात होतं, त्याची त्या घरात एक लय बसलेली असते: रेडिओ कधी, झाडझूड कधी, गप्प बसायचं कधी. दुसरं माणूस एके सोमवारी कायमचं घरी येतं आणि चांगल्या हेतूनं डब्यांची मांडणी बदलतं. तिथून ठिणगी पडते. डबे कुठे असावेत हा प्रश्नच नसतो. कुणाला न विचारता कुणाचा दिवस हलवला, हा असतो. नव्यानं घरी आलेल्यानं पहिले तीन महिने काही सुधारू नये. त्याऐवजी एक संपूर्ण काम उचलावं, मदत म्हणून नाही, जबाबदारी म्हणून. कपडे घेतले तर मळके गोळा करण्यापासून घडी घालून कपाटात ठेवण्यापर्यंत सगळं, आणि दुसऱ्यानं त्यात सूचना करू नयेत. प्रत्येकाला दार लोटता येईल अशी एक जागा हवी, खोली नसेल तर खिडकीजवळची खुर्ची चालेल. दुपारचे दोन तास एकमेकांशी न बोलण्याचे ठरवून घेतले तर संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी शिल्लक राहतं.

या सगळ्याच्या मधे सुखं असतातच, आणि ती कामाच्या दिवशी जास्त खुलतात. बुधवारी सकाळी साडेदहाला रिकामा बाग. मागे कुणी घाई करत नाही अशी रांग. खिडकीत ठेवलेलं पाण्याचं पसरट भांडं. ते अडीच ते पाच सेंटिमीटर खोल असावं, तळ खडबडीत, म्हणजे पक्ष्यांचे पाय घसरत नाहीत, आणि पाणी एका दिवसाआड बदलावं, म्हणजे डासांची पैदास होत नाही. पहिला पक्षी यायला आठवडेही लागू शकतात. एक आला की बाकीचे येतात.

आणि जुने फोटो. ते काम वर्षानुवर्षं ‘निवृत्त झाल्यावर’च्या पेटीत असतं, आणि पेटी उघडल्यावर पहिल्याच दिवशी कंटाळा येतो, कारण माणूस सगळं वर्षांनुसार लावायला बसतो. एका बैठकीला एकच पाकीट घ्यावं, तासाभरापेक्षा जास्त नाही. हात धुऊन कोरडे, फोटो कडेनं धरायचा. पारदर्शक कागदाखाली चिकटवायच्या जुन्या अल्बममधला गोंद पिवळा पडून फोटो खातो, म्हणून ते आधी सोडवावेत. दात साफ करायचा बारीक दोरा, म्हणजे फ्लॉस, फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. कोपरा धरून ओढलं तर फोटोला कायमची सुरकुती पडते. जो सुटत नाही तो तसाच पानासकट ठेवावा. स्कॅन करताना साध्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरतं, पासपोर्टएवढ्या छोट्याला ६०० घ्यावं.

मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, कडेला, न दाबता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूनं चेहऱ्यावर उमटतो. ज्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तो फोटो पाकिटात घालावा. पण मजकूर आधी पाकिटावर लिहून घ्यावा. ‘आई’ असं लिहू नये. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला ती कुणाची आई हे कळणार नाही. पूर्ण नाव, डावीकडून उजवीकडे, आणि वर्ष नक्की नसेल तर ‘सुमारे’. प्रत्येक गठ्ठ्यात असा एक तरी फोटो निघतो, ज्यात मागच्या रांगेत हसत उभा असलेला माणूस कुणालाच आठवत नाही. त्याच्यासाठी मागे प्रश्नचिन्ह करून तो वेगळा काढावा, त्याची प्रत फोनवर घ्यावी आणि भावंडांना, जुन्या शेजाऱ्यांना दाखवावी. सुरुवात त्यांच्यातल्या सगळ्यांत थोरल्यापासून करावी, आणि याच आठवड्यात.